पक्ष्यांचे छायाचित्रण: लेन्स आधी की अभ्यास आधी?

स.न.वि.वि.

आपले पत्र आणि सोबत चिरंजीवांनी काढलेले टिटवीचे छायाचित्र मिळाले. मुलगा बारावी विज्ञानाला आहे, त्याला रानातल्या पक्ष्यांचा छायाचित्रकार व्हायचे आहे आणि यंदाच्या केळीच्या पैशातून दोन लाखांचा कॅमेरा व लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी असा त्याचा हट्ट आहे. तो पुरवावा की मोडून काढावा, असे आपण रावेरहून विचारले आहे. माझे मत असे की हट्ट मोडू नये, पण लेन्स यंदा घेऊ नये.

कारण त्या छायाचित्रातच आहे. चित्र स्पष्ट आहे, उजेडही चांगला पकडला आहे. परंतु टिटवीने पंख पसरले आहेत, चोच उघडी आहे आणि तिच्या पायाशी चार अंडी आहेत. ती ऐटीत उभी नाही, समोरच्याला हाकलते आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती उबवण्यापेक्षा थंड राखणे हेच तिचे मोठे काम असते. त्यासाठी ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. पारा ४५ अंशांवर असताना कोणी तिला अर्धा तास दूर ठेवले, तर चित्र मिळते आणि अंडी जाण्याची वेळ येते. चिरंजीवांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही, त्यांना ते ठाऊक नव्हते इतकेच. पण अनेक छायाचित्रस्पर्धा घरट्यावरची चित्रे स्वीकारतच नाहीत, आणि जाणकार माणूस असे चित्र पाहून कौतुकाआधी घरट्याची चौकशी करतो.

आता पोटापाण्याचे. केवळ पक्ष्यांची चित्रे विकून घर चालवणारे फार थोडे. बाकीचे पक्षीनिरीक्षणाच्या सहली नेतात, शिकवतात, संशोधन प्रकल्पांत काम करतात किंवा लग्नसमारंभांची कामे घेतात. या शेवटच्या कामाला नाक मुरडण्याचे कारण नाही. स्थलांतरित पक्षी मार्चपर्यंत परततात आणि आपल्याकडची मोठी लग्नसराई उन्हाळ्यात असते, त्यामुळे दोहोंचा मेळ बऱ्यापैकी बसतो.

मात्र चिरंजीवांना रानातच काम करायचे असेल, तर त्यांना आपल्याच खानदेशातली रानपिंगळ्याची हकीकत जरूर सांगावी. या घुबडाचा खात्रीचा शेवटचा नमुना, म्हणजे संग्रहालयात जपलेला मृत पक्षी, १८८४ सालचा. त्यानंतर शंभरावर वर्षे तो कोणाला सापडला नाही आणि नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दाखला होता, पण तो नमुना मुळात चोरलेला आणि त्यावरची चिठ्ठी खोटी, हे पॅमेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासिकेने संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईने तपासून ओळखले. मग तो खोटा पत्ता सोडून जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध सुरू झाला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. त्या वेळची छायाचित्रे जगभर पुरावा म्हणून पाहिली गेली. तसे पाहता ते एका लहानशा घुबडाचे साधे चित्र. परंतु डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि पंख-शेपटीवरचे पट्टे रुंद आहेत, म्हणून हा नेहमीचा ठिपकेदार पिंगळा नव्हे, हे ओळखणारा डोळा कॅमेऱ्यामागे नसता तर ते चित्र कोणी काढलेच नसते.

म्हणून बारावीनंतर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, ते जळगाव-भुसावळकडेच होते, बाहेरगावच्या वसतिगृहाचा खर्च नको. पुढे देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र येथे वन्यजीव विषयात एम.एस्सी. करता येते. दोन्हीकडे जागा थोड्या आणि चुरस मोठी असते, त्यामुळे पदवीचे गुण आणि रानातला अनुभव दोन्ही लागतात. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्षिशास्त्राचे छोटे अभ्यासक्रमही चालवते, त्यांची चौकशी आताच करावी.

यंदा खर्च करायचाच असेल तर ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे ४२ मिलिमीटर रुंद असलेली, एक चांगली दुर्बीण घ्यावी. ती लेन्सच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात येते. हतनूरचा जलाशय आपल्याला जवळ आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी पहाटे चिरंजीवांनी तिथे एकाच काठावर बसावे आणि कोणता पक्षी किती, कुठे, काय करताना दिसला हे वहीत लिहावे. चक्रवाक, तलवार बदक, शेकाट्या, नदी सुरय यांच्यापासून सुरुवात करता येईल. आहे तो मोबाइल नोंदीपुरत्या चित्राला चालेल. यावलसारख्या अभयारण्यात जायचे झाल्यास वनखात्याची परवानगी आधी काढावी, आणि पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये, हे दोन नियम त्यांच्याकडून पाळून घ्यावेत.

फेब्रुवारी संपल्यावर ती वही मला पाठवावी. लेन्सचे तेव्हा बोलू.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक