पाना-पक्कड : पुस्तक नसलेली गाडी

काका, सप्रेम नमस्कार.
मी तासगावचा, वय २१, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सांगलीत गावभागात माझ्या आत्याच्या घरामागे शेडमध्ये एक दोन सीटची उघडी गाडी आहे. आत्याच्या सासऱ्यांनी ती १९८० च्या सुमारास स्वतः बांधली. खाली स्टँडर्ड हेराल्ड या जुन्या मोटारीची चासिस (खालचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिन, वर फायबरची बॉडी. ते १९९८ मध्ये गेले, तेव्हापासून गाडी उभीच आहे. २०१९ च्या पुरात चार दिवस पाण्याखाली होती. आत्या म्हणते, ‘घेऊन जा, नाहीतर भंगारात देते.’ माझ्याकडे ७० हजार रुपये साठलेत. मित्र म्हणतात, जुनं इंजिन काढून मारुतीचं टाक आणि बॉडी लालभडक रंगव. परीक्षा मे महिन्यात संपते. गणपतीपर्यंत गाडी रस्त्यावर येईल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, तासगाव

गणपतीपर्यंत येणार नाही. पुढच्या वर्षीच्या गणपतीला आली तरी मी स्वतः पेढे घेऊन तासगावला येईन.

आधी तुझ्या हाती काय लागलंय ते समजून घे. अशा गाडीला इंग्लंडात किट कार म्हणतात. तिकडे महायुद्धानंतर तयार गाडीवर जबर खरेदी कर होता. सुटे भाग विकत घेऊन घरी जोडले तर तो कर लागत नसे. म्हणून लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची गाडी काढली आणि ती सुट्या भागांत विकली. सांगतात की अशा खोक्यात जोडणीची माहिती घालायला मनाई होती, म्हणून लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने गाडी खोलायची कशी याचं पत्रक घातलं. गिऱ्हाइकाने ते शेवटून वाचायचं! १९७३ साली तो करच गेला आणि त्या धंद्याचं अर्धं कारणही गेलं.

आपल्याकडे कर चुकवायचा प्रश्न नव्हता, गाडीच मिळत नव्हती. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे ज्यांच्या हातात कला होती ते जुन्या गाडीवर नवं अंग चढवायचे. त्यातही हेराल्डच का? कारण तिची चासिस वेगळी असते. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फियाट किंवा अँबॅसेडरची बॉडी म्हणजेच तिचा सांगाडा, तिथे हा उद्योग करायला गेलास तर हातात नुसता पत्रा उरेल. इंग्लंडात ट्रायम्फने हेराल्ड १९५९ साली आणली, मिकेलोत्ती या इटालियनाने ती रेखाटली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती इथे बनवली.

म्हणजे तुझ्या गाडीचे बाप दोन. एक कंपनी, तिच्या भागांचं पुस्तक मिळतं. दुसरे आत्याचे सासरे, त्यांचं पुस्तक नाही. स्टिअरिंग कॉलम का कापला, टाकी कुठल्या गाडीची बसवली, वायर कुठून कुठे नेली, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि ते त्यांच्याबरोबर गेलं. ते पुस्तक आता तुला लिहायचंय, चॅपमनसारखं, खोलता खोलता. आत्याकडे त्यांची ट्रंक असेल. पावत्या, वह्या, फोटो काय मिळेल ते मागून घे. गाडीला हात लावायच्या आधी ट्रंकेला लाव.

त्या ट्रंकेत आरसी बुक सापडलं तर अर्धी लढाई तिथेच कळेल. त्यात काय लिहिलंय? ‘स्टँडर्ड हेराल्ड, सलून’ (म्हणजे बंद छपराची) असंच असेल आणि पुढे बदलाची नोंद नसेल, तर उघड्या दोन सीटच्या बॉडीने ती रस्त्यावर नेणं अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार मूळ तपशिलापेक्षा वेगळं रूप परस्पर देता येत नाही. चासिसवर ठोकलेला नंबर घासून, खडू फिरवून वाच आणि बुकाशी ताडून बघ. मालक वारले असल्याने वारसाच्या नावे गाडी करायला ३१ नंबरचा फॉर्म लागतो, त्यामुळे आत्यांना बरोबर ने. कोणी सांगेल की २०२१ पासून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. खरं आहे. पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत आणि गाडी मूळ रूपात हवी. तुझ्या गाडीचं मूळ रूप सासऱ्यांनीच बदललंय, तेव्हा त्या आशेवर पैसे घालू नकोस. कागदाचं नक्की होईपर्यंत त्या ७० हजारांतले सातशेही खर्चू नकोस. कागद जमलेच नाहीत तरी गाडी टाकाऊ ठरत नाही. मळ्यातल्या खाजगी वाटेवर चालवायला, शिकायला ती सोन्यासारखी आहे. फक्त ते आधी ठरवून करायचं, नंतर रडून नाही.

आता खोलणं. १९८४ साली मी मिरजेत नवा गॅरेजवाला होतो. एकाची असलीच गाडी, खाली विलीज जीपची चासिस, मी दोन दिवसांत भुईसपाट केली. बोल्ट सगळे एका घमेल्यात. जोडायला घेतली तेव्हा अकरा बोल्ट उरले आणि चार कमी पडले, एकाच वेळी! मालक सज्जन होता, तरी पुढचे आठ महिने मी बाजारातून दुसऱ्या गल्लीने घरी जायचो. तू बिस्किटाचे डबे गोळा कर. प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि एक जाड वही. एक भाग पुरा खोलायचा, दुरुस्त करायचा, परत बसवायचा, मग दुसरा. सगळी गाडी एकदम खोलणाऱ्या दहांपैकी किती जण ती परत जोडतात, ते सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला विचार, तो नुसता हसेल.

पुराचं पाणी ओसरलं तरी गाळ गाडीतच राहतो. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यातला काळा गाळ चासिसच्या पोकळ पट्ट्यांत जाऊन बसला असणार आणि तिथे तो वर्षानुवर्षं ओल धरून असणार. फायबर गंजत नाही, हीच तिची लबाडी. वरून बॉडी ठणठणीत दिसते आणि खालचं लोखंड पापडासारखं झालेलं असतं. हातोडीने हलकं वाजवत जा. ‘टण’ आलं तर ठीक, ‘भद’ आलं तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. मधल्या दोन कण्यांपेक्षा बाजूला फुटलेले आडवे हात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते आधी जातात.

बॉडी उचलायला पाच-सहा मित्र पुरतील, ती जड नसते. पण उचलायच्या आधी दोन्ही दरवाजांच्या मोकळ्या जागेत आडवा पाइप बोल्टने पक्का कस. वर छप्पर नाही, त्यामुळे चासिसवरून निघाली की बॉडी मधून लवते. एकदा लवली की दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत, मग लोक बिजागऱ्यांना दोष देत बसतात.

पुढच्या चाकापाशी, खालच्या बाजूला, ट्रनियन नावाचा पितळी भाग आहे. त्यात चाकाचा उभा दांडा आट्यांवर फिरतो. त्याला ग्रीस द्यायचं नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल द्यायचं. आपल्याकडे निपल दिसला की ग्रीसगन लावायची सवय, आणि त्यानेच हेराल्डची पुढची चाकं मोडून आडवी पडलेली मी पाहिली आहेत, तीही चालत्या गाडीची. डावे आणि उजवे आटे उलटसुलट असतात, अदलाबदल करू नकोस. झिजले असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगला टर्नर गाठ, पण जुना भाग नमुन्याला घेऊन जा.

इंजिनला स्टार्टर मारायचा मोह होईल. मारू नकोस. प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं ओत, आठवडाभर विसर. मग पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूहळू हलव. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल काढ. दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलं होतं, बेअरिंगपर्यंत खोलावं लागेल. इंजिन फिरायला लागलं की कोणाला तरी क्लच दाबायला सांग आणि तू पुढच्या पुलीकडे बघ. डोळ्यांना दिसेल इतकी ती पुढे सरकली तर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, गेले. या इंजिनचा हा जुना रोग आहे, दुर्लक्ष केलंस तर ब्लॉकच खराब होईल.

मारुतीच्या इंजिनाबद्दल. मारुती ८०० चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. तुझ्या गाडीत ते उभं आहे आणि मागची चाकं ढकलतं. ओम्नीचं बसवता येईल म्हणणारे भेटतील, बसवतीलही. पण मग माउंटिंग वेगळी, शाफ्ट वेगळा, आणि कागदावर आणखी एक बदल. ९४८ सीसीचं ते साधं इंजिन दोन पाने आणि एक फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) घेऊन उघडता येतं. डिप्लोमाच्या पोराला याहून चांगलं शिक्षक इंजिन कुठे मिळणार? आधी जुनं फिरतंय का बघ.

इंजिन चालू व्हायच्या आधी ब्रेक झाले पाहिजेत. क्रम उलटा केलास तर पहिल्याच दिवशी शेडची भिंत गाठशील. या गाडीत सगळ्या चाकांना एकच ब्रेकची लाइन, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, लवचिक पाइप यातलं काहीही ‘चालेल’ म्हणून ठेवू नकोस. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे नवे घाल, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे. आणि टाकी फायबरची निघाली तर सरळ पत्र्याची करून घे, कारण इथेनॉल फायबर बांधून ठेवणारं जुनं रेझिन मऊ करतं.

फायबरच्या कामाला लाजू नकोस, पाण्याच्या टाक्या आणि गणपतीची सजावट करणाऱ्या कारागिराकडे चार दिवस उभा राहा. वरच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील. वरून लांबी (पुट्टी) भरली की सहा महिन्यांत त्या पुन्हा उगवतात. मागच्या बाजूने घासून, कोरडं करून, काचेच्या मॅटचे दोन थर रेझिनने बसवायचे, मग वरून. घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये. शंभर ग्रॅम रेझिनला हार्डनर एक ते दोन ग्रॅम. आता हे नीट वाच: दुकानात कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत देतात. ते दोन एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, पेट घेतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. माझ्या एका हेल्परने घाईत दोन्ही एका डब्यात घेतले. डबा त्याने वेळेवर फेकला म्हणून नुसत्या भुवया गेल्या.

वायरिंगमध्ये एक गंमत होईल. इंडिकेटर दिला की हेडलाइट मिणमिणेल, हॉर्न वाजवला की वायपर हलेल. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट, असते, फायबर वीज नेत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची वायर चासिसपर्यंत ओढायची. जुन्या हेराल्डमध्ये कधी बॅटरीचं प्लस टोक अर्थ केलेलं असायचं, त्यामुळे बॅटरी जोडायच्या आधी तेही तपास. सीटबेल्टचे बोल्ट मात्र फायबरला नकोत. चासिसला वेल्ड केलेल्या लोखंडी कमानीलाच कस. फायबरमधून ते धक्क्याला उपटून येतात.

लाल रंगाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. डॅशबोर्डच्या खाली, जिथे ऊन पोचत नाही, तिथे नखाने जरा खरवड. सासऱ्यांनी कोणता रंग दिला होता ते दिसेल. आत्यांना तो दाखव आणि मग मला कळव, तरीही लालच हवाय का.


काका, माझ्या मुलाने एका जुन्या जीपचे भाग दीड वर्षापासून आमच्या सोप्यात मांडले आहेत. गौरी-गणपतीला पाहुणे येतात. बोलले की रुसतो. काय करू?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

वहिनी, रागावू नका आणि काहीही फेकू नका. तुम्हाला जो भंगाराचा तुकडा वाटतो तो बहुधा मिळेनासा झालेला भाग असतो. त्याला एवढंच सांगा की सोप्यातली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावलेल्या डब्यात गेली, तर डबे माळ्यावर ठेवायची परवानगी आहे. चिठ्ठी लिहिता न आलेल्या वस्तू वेगळ्या काढायला लावा. त्यांचा ढीग मोठा निघाला, तर त्याला हा अंक वाचायला द्या आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे पाठवा. येताना जीपचा चासिस नंबर लिहून आणू दे. आणि सोप्यातले तेलाचे डाग रॉकेलने पुसू नका, आधी त्यावर लाकडाचा भुसा टाका आणि रात्रभर तसाच राहू द्या.