म्हाताऱ्या कुत्र्याला घाई नको

अगं, तेराव्या वर्षी त्याला उपवन तलावाची अख्खी चक्कर मारायला लावू नकोस. सकाळी डांबर तापायच्या आत ने आणि एखाद्या बाकापाशी बस. डोळे-कान मंदावले तरी नाक बरंचसं शाबूत असतं. एकाच झुडपाला दहा मिनिटं हुंगू दे, पट्टा ओढू नकोस. आमची कुत्री राणी शेवटच्या पावसाळ्यात गॅलरीत बसून नुसती ओली हवा हुंगायची, नाकपुड्या थरथरायच्या.

आठवणीसाठी पंजाचा ठसा साध्या कणकेत घे. मीठ घातलेला गोळा त्याने खाल्ला तर विषबाधा होते (मी घातलं होतं मीठ, थोडक्यात निभावलं). वाढदिवसाला मनुका, चॉकलेट नको. उकडलेलं चिकन पुरे.

फोटो ढीगभर असतात गं. त्याचं घोरणं मात्र आजच फोनवर रेकॉर्ड कर. राणीचं माझ्याकडे नाही.