सोमाली राजकारणात ‘टोळी’ नको

प्रश्न असा आहे : सोमालियाच्या बातम्यांत ‘टोळीप्रमुखांची बैठक’, ‘टोळ्यांचे राजकारण’ असे शब्द येतात. ते योग्य आहेत का? नसतील तर काय लिहावे?

‘टोळी’ इथे टाळलाच पाहिजे. टोळी म्हटली की दरोडेखोर आठवतात, नाहीतर ऊसतोडीला निघालेली टोळी. म्हणजे कामापुरती जमलेली माणसे. सोमाली नाते बापाकडून चालत येते आणि जन्मभर सुटत नाही. मुलांना कित्येक पिढ्यांच्या पूर्वजांची नावे ओळीने पाठ असतात. दारोद, हविये, दिर, इसाक अशा मोठ्या सोमाली गटांना ‘कूळ’ म्हणावे. कूळकायद्यातले कूळ वेगळे हे खरे, पण ‘शहाण्णव कुळी’ म्हणताना कुणाचा गोंधळ होत नाही.

कुळातला रोजच्या व्यवहाराचा गट बराच लहान असतो. त्यातल्या एकाच्या हातून खून झाला तर भरपाई सगळे मिळून भरतात. जुन्या हिशेबाने एका पुरुषामागे १०० उंट. आपला माणूस गेला तर भरपाई घेतातही मिळूनच. याला मराठीत ‘भावकी’इतका नेमका शब्द नाही, आणि तो कुणी वापरत नाही याचे मला फार वाईट वाटते.

आता ‘प्रमुख’. सुलदान, गराद, उगास ही मानाची, बहुधा घराण्यात चालणारी पदे. पण गराद हुकूम सोडत नाही. सभा बसते, बोलणी लांबतात, रूढ कायद्याला धरून सगळ्यांना पटेल तो तोडगा निघतो. म्हणून ‘जाणते’ किंवा ‘कुळातले वडीलधारे’ म्हणावे. १९९१ मध्ये सरकार कोसळल्यावर राजधानी मोगादिशूत एकमेकांवर तोफा डागणारे ऐदीद आणि अली महदी हे सशस्त्र गटांचे म्होरके होते. त्याच काळात, १९९३ साली, बोरामा गावात वडीलधारी मंडळी काही महिने बसली, भांडणे मिटवली आणि मोहम्मद इब्राहिम इगाल यांना सोमालीलँडचे, म्हणजे सोमालियापासून वेगळे झाल्याचे जाहीर केलेल्या उत्तरेकडच्या प्रदेशाचे, अध्यक्ष निवडले. म्होरके आणि वडीलधारे या दोघांना एकच शब्द लावणे हा उघड अन्याय आहे.

सोमालीलँडमध्ये वडीलधाऱ्यांची ‘गुर्ती’ पुढे ८२ जणांचे वरिष्ठ सभागृह झाली. तिला ‘गोतसभा’ म्हणायचा मोह होतो. पण आपल्या गोतसभेत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारही बसत; ती एका रक्ताची सभा नव्हती. ‘गुर्ती’ तसाच ठेवावा.

मोगादिशूत २०१२ साली १३५ वडीलधाऱ्यांनी खासदार निवडले, तेही ‘साडेचार’च्या सूत्राने : चार मोठ्या कुळांना सारखा वाटा, उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. असे असले तरी तिथला प्रत्येक वाद कुळाचा नसतो. पुंटलँड राज्याचे अध्यक्ष सईद अब्दुल्लाही देनी आणि सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद यांच्यात २०२४ मध्ये राज्यघटनेतल्या बदलांवरून फाटले, तो सरळ केंद्र-राज्य वाद होता. तिथे ‘टोळीयुद्ध’ लिहू नये. देनींना ‘राष्ट्राध्यक्ष’ही म्हणू नये, पुंटलँड हे सोमालियाचे घटक राज्य आहे, तेव्हा ‘पुंटलँडचे अध्यक्ष’ एवढे पुरे.