नववीतली मुलगी सतत झोंबीच्या कादंबऱ्या वाचते, थांबवावं का?

थांबवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं बरंचसं मी माझ्यासाठीच लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीला राहता, मुलगी नववीत आहे. जग बुडालंय, मेलेली माणसं रस्त्यावर हिंडतायत आणि चार-सहा पोरं कशीबशी जीव वाचवतायत, अशी इंग्रजी पुस्तकं ती एकामागून एक संपवते. सासूबाई म्हणतात, घरात असलं अभद्र नको. आणि शेवटी विचारलंय की त्याऐवजी काहीतरी 'चांगलं' सुचवा. सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि माझी डोंबिवलीची आत्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिच्याशी माझा हा वाद २०१२ पासून चालू आहे. मुंज असो, बारसं असो, जेवणाच्या पंगतीत कुणीतरी मुलांच्या वाचनाचा विषय काढतं, आणि आत्या माझ्याकडे बघते.

आमचं घर तेव्हा ठाण्यात, नौपाड्यात, जुन्या बिल्डिंगीत. आजोबा, म्हणजे अण्णा, वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. रिटायर होऊन जमाना लोटलेला. शेवटची काही वर्षं विस्मरणाचा आजार. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना मी काही सांगायला नको. रात्री दोनला उठायचे, शर्ट-पँट चढवायचे आणि आईकडे डबा मागायचे, फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून. एकदा अनवाणी तीन हात नाक्यापर्यंत पोचले होते, एका रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. त्यानंतर बाबा रात्री त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालायला लागले. मग आतून दारावर तळहात आपटल्याचे आवाज यायचे. ओरडणं नाही, हाक नाही, नुसता हात. आम्ही सगळे जागे असायचो आणि सगळे झोपल्याचं सोंग करायचो. सकाळी त्याबद्दल अवाक्षर नाही. आईला ते "अहो बाई" म्हणायचे, मला काहीच म्हणायचे नाहीत. चेहरा तोच, आवाज तोच, चष्मा नाकावर घसरलेला तसाच. अण्णा मात्र त्यात नव्हते.

मे महिन्यात ते गेले. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. बाबांचं ऑफिस फोर्टात. ते मला तिथल्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणून द्यायचे आणि त्या ढिगात एक जोनाथन मेबरीचं 'रॉट अँड रुइन' होतं, २०१० साली आलेलं. सुतकात टीव्ही बंद, देवपूजा बंद, बाहेर जायचं नाही, येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत पहिल्यापासून सांगायची. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून ते पुस्तक वाचत होते.

आत्या दिवसांसाठी राहायला आली होती. तिने कव्हर बघितलं.

"हे काय वाचतेस गं?"

"गोष्ट आहे."

"मढ्यांची?" मग आवाज चढवून, "वहिनी, अण्णांचे दिवस व्हायचेत अजून आणि ही पोर मढ्यांची पुस्तकं वाचत बसलीय! जरा लक्ष द्या."

पुस्तक माळ्यावर, पापडाच्या डब्यांमागे गेलं. माळ्यावर माझा हात पोचतो हे आत्याला माहीत नव्हतं.

आता गंमत ऐका. त्याच घरात, त्याच दिवसांत, रोज संध्याकाळी गुरुजी येऊन गरुडपुराण वाचत होते. रक्त-पुवाने भरलेली वैतरणी, कुंभीपाक नरकात उकळत्या तेलात शिजणारी माणसं, यमदूतांचे फास. माझा पहिलीतला चुलतभाऊ मांडी घालून पुढे बसलेला. त्याला कुणी उठवलं नाही. उलट त्याने मध्येच "मग त्यांना भाजतं का?" असं विचारलं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. मला गरुडपुराणाबद्दल तक्रार नाही. पण ते चालतं आणि माझं पुस्तक चालत नाही, याचं कारण आत्याने मला आजपर्यंत दिलेलं नाही.

त्या पुस्तकात काय आहे ते सांगते, कारण सासूबाईंच्या डोक्यात 'माणसं माणसांना खातात' एवढंच असणार. बेनी नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा कुंपणाआडच्या एका गावात राहतो. जग बुडून बराच काळ लोटलाय. गावाचा नियम असा की पंधराव्या वर्षी काम धरायचं, नाहीतर शिधा निम्मा. नाइलाजाने तो सावत्र भावाच्या, टॉमच्या हाताखाली जातो. टॉम झोंबी मारतो, हे त्याला माहीत असतं. कसे मारतो ते मात्र माहीत नसतं. कुंपणापलीकडे गेल्यावर त्याला दिसतं, की ज्यांचा माणूस झोंबी होऊन भटकतोय असे घरचे लोक टॉमकडे येतात. तो माणूस कसा दिसायचा ते सांगतात, त्याच्यासाठी पत्र लिहून देतात. टॉम त्याला शोधून काढतो, त्याच्यासमोर ते पत्र मोठ्याने वाचतो, आणि मग त्याला शांत करतो. दुसरे शिकारी तेच काम हसत-खिदळत, छळ करून करतात. सगळं पुस्तक या फरकावर उभं आहे. मेलेला माणूस अजून हलतोय म्हणून तो कुणाचाच कुणी राहिला नाही का? मी पंधरा वर्षांची होते आणि गेली काही वर्षं कडी घातलेल्या दाराशेजारच्या खोलीत झोपत होते. घरातल्या कुणीही या प्रश्नाला हात लावला नव्हता. एका परक्या देशातल्या लेखकाने लावला.

आत्या म्हणते मी अण्णांना झोंबी म्हटलं. मी तसं कधीही म्हटलेलं नाही.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी गेलो. मुलींनी यायचं नाही वगैरे आमच्यात नव्हतं, तेवढं श्रेय आत्यालाही. पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. ठाण्यात एरवी खिडकीत पोळीचा तुकडा ठेवायची सोय नाही, पण त्या दिवशी कावळे लांब तारेवर बसून राहिले. मग नेहमीचं सुरू झालं, काय इच्छा राहिली असेल ते एकेकाने पुढे होऊन सांगायचं. आत्याने हात जोडून सांगितलं, "अण्णा, गावच्या घराला कुलूप लागू देणार नाही." कावळा हलला नाही. काकांनी सांगितलं की धाकट्याच्या शिक्षणाचं बघू. नाही. कुणीतरी तंबाखूची पुडी आणून पानाशेजारी ठेवली. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी बाबा पुढे झाले आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "अण्णा, रात्री कडी मी घालत होतो. तुम्ही पडाल, हरवाल म्हणून. रागावू नका." बस. आई रडायला लागली. घरात ही गोष्ट मोठ्याने बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

कावळा तरीही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो.

रिक्षातून उतरताना आत्या आईला म्हणाली, "कावळा शिवला नाही तो हिच्या त्या पुस्तकामुळे."

आता सांगा. मेलेल्यासमोर उभं राहून त्याच्याशी बोलायचं, मनातलं राहिलेलं सांगायचं, त्याला सोडवायचं आणि स्वतः सुटायचं, हे आपण खाडीकाठी करतो आणि टॉम कुंपणापलीकडे करतो. टॉम पत्र वाचतो, आपण कावळ्याची वाट बघतो. मला तेव्हा हे आत्याला नीट सांगता आलं नाही, मी नुसती तोंडाला तोंड देत होते. आता सांगता येतं, तर ती ऐकत नाही.

'परकी संस्कृती' हा मुद्दा तर काढूच नका. वेताळपंचविशीत राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालतोय आणि प्रेत त्याला कोडी घालतंय. ते आपण पाचवीच्या मुलांना चित्रांसकट देतो. आणि आत्या स्वतः? शाळेत असताना ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून नारायण धारप आणून पांघरुणात वाचायची, हे मला अण्णांनीच सांगितलेलं, शुद्धीत होते तेव्हा. ही संस्था १८९३ सालची, तिथून तिच्या आधीच्या पिढ्यांनीही भुताखेतांचं काहीबाही नेलंच असणार. २०२२ मध्ये 'झोंबिवली' आला तेव्हा आत्या मैत्रिणींना घेऊन थिएटरात गेली, आपल्या डोंबिवलीवरचा सिनेमा म्हणून. हसून हसून पुरेवाट झाली म्हणाली. तेव्हा अभद्र आडवं आलं नाही.

झोंबी ही कल्पना मुळात हैतीतली. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांची भीती अशी नव्हती की मेलेला येऊन आपल्याला खाईल. मेल्यावरही सुटका नाही, कुणीतरी आपल्याला उठवून पुन्हा कामाला जुंपेल, ही ती भीती. माणूस खाण्याचं प्रकरण बरंच नंतरचं, जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या सिनेमापासून रूढ झालेलं. हैतीचं मी कॉलेजात असताना वाचलं आणि अण्णांनी रात्री दोनला मागितलेला डबा आठवला. हे आत्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

"उपयोग काय?" असं सासूबाईंनी विचारलंच, तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०११ साली झोंबी आले तर काय तयारी ठेवाल असं लिहून लोकांना पाणी, औषधं, बॅटरी, कागदपत्रं जमवायला आणि घरच्यांची भेटायची जागा ठरवायला शिकवलं. खरा रोख वादळ, भूकंप, साथ यांवर होता. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लिफ्ट बंद, पंप बंद, तेव्हा माझ्या घरात पिंप भरलेलं होतं. अर्थात आता मी घोडबंदरला राहते, इथे पाण्याचीच बोंब, पुस्तक वाचो न वाचो, पिंप भरलेलंच असतं.

त्याऐवजी काय द्यावं हे विचारू नका, त्यातलंच बरं काय ते विचारा. या प्रकारात रद्दी भरपूर आहे. गोळ्या, आतडी, पुढच्या भागासाठी अर्धवट सोडलेला शेवट, आणि प्रत्येक नायिकेसाठी दोन मुलगे. पण कॅरी रायनचं 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ' (२००९) द्या. कुंपणातलं गाव, बाहेर काय आहे ते फक्त मठातल्या बायकांना माहीत, आणि समुद्र बघायचाय म्हणणारी एक मुलगी. नियम घालणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल ते फार बोलकं आहे, सासूबाईंनी वाचलं नाही तर बरं. जस्टिना आयर्लंडचं 'ड्रेड नेशन' (२०१८) त्याहून वरचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला मेलेले सैनिक उठतात, आणि मग त्यांच्याशी लढायला कुणाला पुढे करायचं, तर काळ्या आणि मूळनिवासी मुलांना, शाळेत सक्तीने शिकवून. नववीच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं. कळलं नाही तर तुम्ही आधी वाचा आणि मग बोला तिच्याशी. गटारात उतरून काम कुणी करायचं हे ठरलेल्या देशात आपण राहतो, उदाहरणं शोधायला लांब जायला नको.

मराठीत किशोरांसाठी असं शेल्फच नाही. मागायला गेलात तर फास्टर फेणे पुढे करतील. तो मलाही आवडतो, पण त्याच्या जगात आजोबांच्या खोलीला बाहेरून कडी नसते.

राहिलं एक. चार्ली हिगसनचं 'द एनिमी' (२००९) आधी तुम्ही चाळा. त्यात सगळ्या मोठ्या माणसांना रोग होतो आणि मुलं लंडनच्या एका सुपरमार्केटमध्ये लपून राहतात, म्हणजे आई-बापच शत्रू. लहान मुलं त्यात खरोखर मरतात, लेखक कुणालाही वाचवत नाही. घरात दहा-अकरा वर्षांचं धाकटं असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका. आणि मुलगी झोपत नसेल, जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर पुस्तक काढून घेऊन काही होणार नाही, डॉक्टरकडे जा. घरात कुणी आजारी असेल, किंवा नुकतंच कुणी गेलं असेल, तर ती तेच पुस्तक पुन्हा पुन्हा का उघडते ते तिला एकदा विचारा. लगेच उत्तर येणार नाही.

सासूबाईंना पुस्तक दाखवू नका, कव्हर बघूनच त्या हात झटकतील. टॉमच्या पत्राचा भाग तेवढा मराठीत सांगा. माझी आत्या उठून चहा ठेवायला जाते, तुमच्या सासूबाई ऐकून घेतीलही.