५० ग्रॅम पश्मिन्यात गळ्याचा जाळीदार काउल (गोल, बंद मफलर) होईल का? ग्वाल्हेरच्या थंडीसाठी, किती टाके घालू?

होईल, आणि लोकर उरेलही: बारीक धागा (५० ग्रॅमला साधारण ३५० मीटर) असेल तर ३.७५ मिमीच्या गोल सुईवर १४४ टाके घाला. धुऊन ताणल्यावर १० सेंमीत २२ टाके बसले, तर घेर सुमारे ६५ सेंमी येतो आणि काउल डोक्यावरून सहज जातो. नमुना लाटांचा घ्या, १८ टाक्यांचा: दोन फेऱ्या सुलट, तिसरीत तीनदा दोन-दोन टाके एकत्र, सहादा धागा पुढे घेऊन एक सुलट, परत तीनदा दोन-दोन एकत्र, चौथी फेरी उलट. याच चार फेऱ्या परत परत विणा, २५ सेंमी उंची झाली की थांबा.

बिघडतं ते बहुधा शेवटी. या लोकरीला मेंढीच्या लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, म्हणून टाके घट्ट बंद केले तर काठ आवळतो. बंद करताना ४.५ मिमीची सुई वापरा. शिवाय तंतू आखूड, वारंवार उसवलं की धागा पिंजतो. दर दहा फेऱ्यांनी शिवणाचा सुती दोरा टाक्यांतून ओवून ठेवा, म्हणजे चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागेल. कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा, आडवं ताणून वाळवा.

मात्र ग्वाल्हेरच्या बाड्यावर (तिथला बाजार) ‘कॅशमिलॉन’ म्हणून मिळतं ते अॅक्रिलिक, बकरीचं नव्हे. भिजवून ताणलं तरी त्याची जाळी उघडी राहत नाही.