पिल्लू दिलं आणि घर वाईट निघालं तर?

माझ्याकडे कोणी कुत्र्याबद्दल बोलायला येत नाही. झोप लागत नाही, नवरा बोलत नाही, मुलगा दार लावून बसतो, असलं काहीतरी घेऊन येतात. फोंड्याकडच्या एक ताई (ओळख पटेल असं सगळं बदललंय) पण झोप नाही म्हणूनच आल्या, आणि दहा मिनिटांत कळलं की झोप उडवणारी मंडळी त्यांच्या जिन्याखाली केळ्यांच्या खोक्यात आहेत. चार पिल्लं, तीन महिन्यांची. आई गाडीखाली गेली, ताईंनी वाढवली, आता घरं शोधायची तर एकही घर पसंत पडेना आणि नवरा म्हणतो, पोरीच्या लग्नाला एवढं स्थळ बघितलं नव्हतं आपण.

"कितें करूं सांगा मॅडम. दिलं आणि त्यांनी हाल केले तर?"

हा प्रश्न मला आत्तापर्यंत पाचसहा जणांनी तरी विचारलाय, सगळ्या बायकाच, आणि प्रत्येकीच्या मागे एक आधीचं पिल्लू असतं. ताईंचं पण होतं. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडे भाड्याने राहायला आलेल्या एका जोडप्याला दिलेलं, छान माणसं, फोटो पाठवायची, नाव पण फॅन्सी ठेवलेलं. मे संपता संपता ती निघून गेली. ताईंना जूनमध्ये कळलं, त्या बस बदलून बदलून तिथे पोचल्या तर गेटला कुलूप, आणि शेजारीण म्हणाली, "दोन दिसांआधी हंगाच (इथेच) बसलेलं हो, पावसात." त्या दोन दिवसांवर ताई अजून अडकल्यात.

पहिल्या भेटीत मी चुकले हे सांगून टाकते. ऐकल्याबरोबर "यात तुमची काही चूक नाही" वगैरे सुरू केलं, त्यांनी मान डोलावली, पाणी प्यायल्या, पर्स उचलली. म्हणजे पोचलं काहीच नाही. पुढच्या वेळी त्यांना म्हटलं तुम्ही लोकांना काय विचारता ते लिहून आणा, तर त्या वहीच घेऊन आल्या. दुकानातली उधारीची जुनी वही, डाव्या पानावर कोणाचे दोन नारळ आणि अर्धा किलो साखर, उजव्या पानावर पिल्लू मागायला आलेल्यांची नावं आणि त्यावर लाल फुली. एकोणीस फुल्या! आणि शेवटच्या पानावर प्रश्न: प्रेमाने सांभाळाल ना? मारणार नाही ना? सोडून देणार नाही ना?

मी विचारलं, "ताई, याला नाही कोण म्हणालं आत्तापर्यंत?" कोणीच नाही. "मग फुली कशावर मारली?" बराच वेळ गप्प, मग म्हणाल्या, "मनाला पटलं नाही." त्या जोडप्यानेही हेच म्हटलं असतं, हो सांभाळू, आणि खोटं नसतं बोलले ते, त्या दिवशी त्यांना तसंच वाटत होतं. म्हणून माणसाला पुढचं विचारूच नये, मागचं विचारावं.

मग आम्ही दोघींनी नवीन प्रश्न लिहिले. याआधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं, आणि हे विचारून आपण गप्प बसायचं. कोणी "गेला कुठेतरी" म्हणतं, कोणी पाऊण तास बोलतं. घर भाड्याचं असेल तर मालकाला समोर फोन लावायला सांगायचं. (सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण घरमालकाची कटकट ही वेगळी गोष्ट, त्याने नाही म्हटलं की पिल्लू रस्त्यावर.) चतुर्थीला गावी जाता तेव्हा कोण बघणार? दिवसा कुठे असेल, सुटं की साखळीला? घरात कोणाला नकोय? आणि मादी असेल तर ऑपरेशन कधी करणार, कारण आपल्याकडे नर सगळ्यांना हवा असतो आणि मादी फुकट दिली तरी परत जिन्याखाली येते.

आणि घर बघून यायचं, पिल्लू बरोबर न नेता. पिल्लू हातात असलं की परत आणणं कोणाला जमत नाही.

ताई दोन घरं बघून आल्या. एक बंगला, कंपाउंड, लॉन, वहीच्या हिशोबाने फर्स्ट क्लास. तिथे साहेब हळूच म्हणाले, बायकोला सांगितलं नाहीय, बर्थडे सरप्राइज आहे. दुसरे एक रिटायर्ड बस ड्रायव्हर, त्यांच्यावर आधीच फुली होती, भिंत नाही, दोन खोल्या, वय जास्त. त्यांच्या पडवीत नळाखाली अॅल्युमिनियमचं एक चेपलेलं भांडं होतं, आत स्वच्छ पाणी. कुत्रा जाऊन चार महिने झालेले, तेरा वर्षांचा होऊन गेला. "भांडं का ठेवलंय?" तर म्हणे, सवयीने भरतो. त्याचं लसीचं कार्ड देवाच्या फोटोमागे, पिवळं पडलेलं. वयाचं काय, हे ताईंनी तोंडावर विचारलं (मला धीर झाला नसता), तर त्यांनी भाच्याला हाक मारली, तो शेजारीच राहतो, आधीच्या कुत्र्यालाही तोच फिरवायचा.

ताईंना मी अजून एक सांगितलं, जे मला जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलेलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू द्यायचं नाही हे त्यांना माहीत होतं, पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्या माणसांचा हात लागतो, त्याची भीती मोडते. जिन्याखाली फक्त ताईंचा हात लागत होता. म्हणजे घर नाकारत बसण्यात पण पिल्लांचं काहीतरी जात होतं, आणि हे ऐकून त्या चिडल्या माझ्यावर, चिडू दे. निदान लसी तरी वेळेवर होत्या, रेबीजचं इंजेक्शन तीन महिने भरल्याबरोबर दिलेलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं म्हणून आता टोचायला नको असं सांगणारे त्यांना वाड्यावर भेटलेले, त्यांचं ऐकलं नाही ते बरं झालं. टोचतात म्हणून तर नियंत्रणात आहे.

त्यांना एक लेखी करार हवा होता. करा म्हटलं, पण त्यावर झोप लागणार नाही. जनावर टाकून देणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या वेळेला दंड दहा ते पन्नास रुपये, एवढाच. त्यापेक्षा कागदावर एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहा: नको झालं तर कधीही मला परत आणून द्या, मी का विचारणार नाही. त्या जोडप्याला ही ओळ कोणी सांगितली नव्हती. कदाचित सांगितली असती तरी ती माणसं तशीच गेली असती, काय सांगता येतं.

"म्हणजे परत येणार हे धरूनच द्यायचं?"

"येऊ शकतं हे धरून."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्याभरात तीन पिल्लं गेली, एक अर्थात ड्रायव्हर काकांकडे. चौथी मादी, ती त्यांच्याकडेच राहणार हे नवऱ्याला माझ्याआधी कळलेलं.

मग एका रात्री साडेनऊला फोन. माझ्या पोटात गोळाच आला. "मॅडम, कुर्टीवाल्यांनी परत आणलं. सुनेला अॅलर्जी." मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "काय म्हणणार, का विचारणार नाही असं लिहून दिलेलं ना मी. चहा दिला त्यांना." मागून भांड्याचा आवाज येत होता. "पेज खाल्ली त्याने, आता खोक्यात मावत नाही तरी तिथेच घुसलंय. मी पण पडते जरा, उद्या बोलू."