ऐपतीप्रमाणे फी, पण दाखल्याविना

प्रश्न : मी नाशिकमध्ये समुपदेशनाचे काम करते. एका सत्राची फी ११०० रुपये असून महिन्याला साधारण ४० सत्रे होतात. कोणी अडचण सांगितली की मी फी कमी करते. परंतु सवलत मागून घेतात ती बहुधा सुस्थितीतील माणसे, आणि ज्यांना खरोखर परवडत नाही ती दुसऱ्या सत्राला येतच नाहीत. उत्पन्नाचा दाखला मागावा का? जात किंवा लिंगओळख पाहून फी ठरवणे योग्य होईल का?
— एक वाचक

उत्तर : दाखला मागू नये. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तेथे कागदपत्रे लागतात, कारण तो कायद्याचा हिशेब आहे. आपल्याकडे मात्र मन मोकळे करण्यासाठी आलेल्या माणसाची पहिली भेटच गरिबी सिद्ध करण्यात जाईल. शिवाय दाखल्यावर पगार दिसतो, त्यातून गावी किती जातो ते दिसत नाही. घरात पहिल्यांदाच नोकरी लागलेला आणि भावंडांची शिक्षणे ओढणारा तरुण, घराने दार बंद केलेली तृतीयपंथी व्यक्ती आणि वडिलोपार्जित फ्लॅटमध्ये राहणारा गृहस्थ यांचा पगार सारखा असला, तरी ऐपत सारखी नसते. म्हणून जातीचा किंवा लिंगओळखीचा विचार अवश्य व्हावा, पण तो आपण समोरच्याकडे पाहून करू नये (आडनावावरून अंदाज बांधण्याची आपली जुनी खोड येथे फार घातक ठरते). दरपत्रकातच अशा परिस्थितींचा उल्लेख करावा आणि निवड येणाऱ्यावर सोपवावी.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९७६ साली ११ खाटांनिशी सुरुवात केली. पैसे भरून उपचार घ्यायचे की विनामूल्य, हे तेथे रुग्णच ठरवतो. उत्पन्नाची चौकशी होत नाही. अर्थात त्यांच्या मागे शस्त्रक्रियांची प्रचंड संख्या आहे. आपल्या हाती ४० सत्रेच आहेत, तेव्हा औदार्याच्या आधी बेरीज करावी. आज आपली मिळकत ४४,००० रुपये होते. २० सत्रे १४०० रुपयांनी, १२ सत्रे १००० रुपयांनी आणि ८ सत्रे ५०० रुपयांनी दिली, तरी बेरीज तेवढीच राहते. हे तीन दर आणि प्रत्येक दर कोणासाठी आहे हे एकेका वाक्यात लिहून, पहिल्या भेटीची वेळ ठरवतानाच सर्वांना पाठवावे. म्हणजे भिडस्त माणसाला तोंड उघडावे लागणार नाही आणि बोलक्याला घासाघीस करता येणार नाही. एखादा सुस्थितीतील माणूस तरीही ५०० रुपयेच देईल. तेवढी गळती सोसावी. तिच्या भीतीने सर्वांची झडती घेणे अधिक महाग पडते.

ती ८ सत्रे भरली की नववे मात्र देऊ नये. जागा केव्हा होईल हे स्पष्ट सांगून नाव यादीत घ्यावे, आणि तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक लिहून द्यावा.